बालीला पहिल्यांदा निघताना

संध्याकाळचे सहा वाजले की बालीतल्या गावांमध्ये कर्ण्यावरून सूर ऐकू येतात. नीट कान दिला तर शब्दही कळतात: ॐ भूर्भुवः स्वः. याला तिथे त्रिसंध्या म्हणतात. ती सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला असते, आणि तिचा पहिलाच श्लोक गायत्रीचा. पहिल्या खेपेला मी हातातला चहा खाली ठेवून उभाच राहिलो होतो. पुढचे दोन दिवस "अरे, हे तर आपलंच!" असं म्हणत हिंडलो आणि बहुतेक सगळ्या चुका त्याच दोन दिवसांत केल्या. देवळात मूर्ती शोधली, नको तिथे आत शिरलो, जमिनीवरच्या नैवेद्यावर पाय दिला. बाली ओळखीची वाटते हीच आपल्या लोकांची अडचण आहे. युरोपातून आलेला माणूस निदान विचारून तरी पाऊल टाकतो.

बाली हा इंडोनेशियाचा एक प्रांत, राजधानी देन्पासार. आकारानं आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासाच मोठा, पण लोकसंख्या 40 लाखांच्या वर आणि रस्ते अरुंद. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसलं तर दीड-दोन तास धरायचे. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं नियोजन झालंच.

आधी तारीख बघा

पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, कोरडे दिवस एप्रिल ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं जग तिथे लोटतं. मी मे, जून किंवा सप्टेंबर सुचवेन. पण हवामानाइतकंच तिथलं पंचांग बघणं गरजेचं आहे, आणि पंचांगं दोन आहेत.

एक आहे पावुकोन, 210 दिवसांचं चक्र. बहुतेक देवळांचा वर्धापनदिन, म्हणजे ओदालान, याच हिशेबानं येतो. गालुंगान हा मोठा सणही त्यावरच चालतो: 2026 मध्ये 17 जूनला, त्यानंतर 13 जानेवारी 2027 ला. दहा दिवसांनी कुनिंगान. या काळात प्रत्येक घरासमोर पेंजोर उभा असतो. उंच बांबू, शेंडा रस्त्याकडे वाकलेला, त्याला माडाच्या कोवळ्या पात्यांच्या झालरी, फळं आणि भाताच्या लोंब्या. गुढी आठवल्याशिवाय राहत नाही. अख्खा रस्ता अशा कमानींखाली जातो. जमलं तर तेव्हाच जा. फक्त गालुंगानच्या दोन-तीन दिवसांत ड्रायव्हर आणि छोटी दुकानं मिळतील असं धरू नका, लोक आपापल्या मूळ गावी गेलेले असतात.

दुसरं पंचांग शकाचं. हो, आपलाच शालिवाहन शक. वर्षाचा आकडासुद्धा तोच. त्याचा नववर्षदिन म्हणजे न्येपी. 2023 मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, 22 मार्चला आले होते. 2026 मध्येही दोन्ही 19 मार्चला. पण दरवर्षी असं होत नाही. अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी धरतात, म्हणून 2024 मध्ये न्येपी 11 मार्चला झाली आणि पाडवा 9 एप्रिलला.

आपण पाडव्याला नवे कपडे घालून बाहेर पडतो. बालीत न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत कोणीच बाहेर पडत नाही. काम नाही, दिवा नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद आणि 2018 पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद. आजारी माणसाला दवाखान्यात नेता येतं, बाकी कुणालाच सूट नाही. पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, काळा-पांढरा चौकड्यांचा कपडा नेसून फिरत असतात. त्या दिवसाचं तिकीट निघणारच नाही, पण आदल्या दिवशी उतरून "उद्या देवळं बघू" असा बेत करणारे भेटतात. आदली संध्याकाळ मात्र चुकवू नका. ओगोह-ओगोह नावाचे राक्षसांचे अवाढव्य पुतळे पोरं बांबूच्या चौकटीवर खांद्यावरून नाचवत नेतात, प्रत्येक चौकात गरागरा फिरवतात. त्याआधी दोन-चार दिवस मेलास्ती: गावंच्या गावं देवांच्या वस्तू घेऊन समुद्रावर जातात. आणि न्येपीच्या रात्री आकाश निरभ्र असेल तर गच्चीत फक्त वर बघत बसा. चाळीस लाखांच्या बेटावर एकही दिवा नसतो.

कागदपत्रं

पासपोर्ट उतरल्या दिवसापासून किमान सहा महिने चालू हवा, आणि परतीचं तिकीट हवं. भारतीयांना पोचल्यावर व्हिसा मिळतो: 5 लाख रुपिया, 30 दिवस, एकदा वाढवता येतो. तोच आधी ऑनलाइन काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते. याशिवाय 14 फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पर्यटकाला प्रांताचा वेगळा कर आहे, माणशी 1.5 लाख रुपिया. तो व्हिसात धरलेला नाही. आगमनाचा ऑनलाइन अर्ज निघायच्या दोन-तीन दिवस आधी भरून त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. तिन्ही गोष्टी सरकारी संकेतस्थळावरच करा. नावात जरासा फरक करून दुप्पट पैसे घेणारी दुकानं इंटरनेटवर भरपूर आहेत.

पैसा

पहिल्या दिवशी शून्यांनी डोकं गरगरतं. एका भारतीय रुपयाला साधारण 190 रुपिया मिळतात. भाव वरखाली होतो. माझी पद्धत सोपी: शेवटची तीन शून्यं पुसा आणि पाचानं गुणा. पन्नास हजारांचं जेवण म्हणजे अडीचशे रुपये, थोडे वर. दुकानदारही हजार बोलत नाहीत. "लिमा पुलुह" म्हणजे पन्नास, आणि ते पन्नास हजार असतात. "रिबू" म्हणजे हजार, "जुता" म्हणजे दहा लाख.

पैसे बदलताना मी एकदा शहाणपण केलं. गल्लीतल्या एका टपरीवर पाटीवरचा भाव बाजारापेक्षा बराच चढा होता. माणसानं वीस हजारांच्या नोटांचे ढीग मांडले, माझ्यासमोर मोजले, मीही मोजले. मग "एकदा पुन्हा बघतो" म्हणत त्यानं ढीग टेबलावर ठोकून सरळ केला. खोलीवर येऊन मोजतो तर सात नोटा कमी. नोटा टेबलामागे त्याच्याच मांडीवर पडल्या असणार. तेव्हापासून नियम एकच: चढ्या भावाच्या पाटीकडे बघायचं नाही, परवाना लावलेल्या काचेच्या दुकानात जायचं, आणि शेवटी मोजणारा हात आपला. एटीएम बरं, पण बऱ्याच यंत्रांत पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर. पैसे घेऊन वळलात की कार्ड आतच.

राहायला गावात जा

कुटा, सेमिन्याकच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांबद्दल मला काही म्हणायचं नाही; तिथे जाऊन बाली बघितली असं मात्र म्हणू नये. पहिल्या मुक्कामाला उबुडच्या आसपासच्या एखाद्या गावात घरगुती खोली घ्या. बालीचं घर म्हणजे एक इमारत नसते. भिंतीनं वेढलेलं आवार असतं आणि आत सुटे सुटे मंडप. दारातून आत गेलात की समोर आडवी भिंत येते, तिला आलिंग-आलिंग म्हणतात. भुतंखेतं सरळ रेषेतच चालतात, वळण घेता येत नाही, म्हणून ती भिंत. ईशान्येच्या कोपऱ्यात घरचं देऊळ.

ईशान्य ऐकून आपण खूश होतो: देवघर ईशान्येला, आपल्यासारखंच! तर तिथे हिशेब वेगळा आहे. काजा म्हणजे डोंगराकडे, केलोद म्हणजे समुद्राकडे. डोंगर पवित्र. दक्षिण बालीत डोंगर उत्तरेला येतो, म्हणून काजा उत्तर. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सिंगराजाला गेलात तर डोंगर दक्षिणेला, आणि काजा दक्षिण होते! झोपताना डोकं काजाकडे किंवा पूर्वेकडे. म्हणजे उबुडात डोकं उत्तरेला करून झोपायचं. आमच्या आईला हे फोनवर सांगितलं तर तिनं आधी पलंग फिरवायला लावला, मग पुढचं ऐकून घेतलं.

घरमालकिणीला "बू" किंवा "मबोक" म्हणा, पुरुषाला "पाक" किंवा "बली". मबोक म्हणजे ताई, बली म्हणजे दादा. नावं ऐकून गोंधळू नका: पहिलं मूल वायान, पुतू किंवा गडे, दुसरं मादे किंवा कादेक, तिसरं न्योमान किंवा कोमांग, चौथं कतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा पहिल्यापासून. मादे म्हणजे मध्य, मधला. एका गल्लीत सहा वायान असतात. आभाराला "सुक्स्म", उत्तर "सुक्स्म मवाली". देता-घेताना उजवा हात, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

पहाटे जरा लवकर उठून अंगणात बसा. माझ्या मुक्कामी रोज साडेसहाला मालकीण ताटात पंधरा-वीस चानांग घेऊन निघायची. माडाच्या पात्याची तळहाताएवढी चौकोनी टोपली, त्यात पूर्वेला पांढरी फुलं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी, वर चिमूटभर भात, कधी बिस्कीट. एक घरच्या देवळात, एक चुलीवर, एक पाण्याच्या मोटरवर, एक स्कूटरच्या सीटवर, एक फाटकाबाहेर जमिनीवर. उदबत्तीचा धूर तळव्यानं पुढे ढकलायचा की झालं. दहा मिनिटांनी कोंबडीनं भात खाल्ला तरी कोणी हाकलत नाही, अर्पण झालेलं असतं. पण धूर निघतोय तोवर ओलांडू नका. मी पाय दिला ते धूर निघत असतानाच. ती काही बोलली नाही, आत जाऊन दुसरं चानांग आणून ठेवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

देवळात कसं वागायचं

सारोंग (तिथे कामेन म्हणतात) आणि कमरेला बांधायचा शेला, दोन्ही हवेत. शेला विसरतात लोक, आणि तोच जास्त महत्त्वाचा. मोठ्या देवळांत भाड्यानं मिळतात, पण बाजारात स्वतःचे घ्या. लुंगी नेसायची सवय असेल तर पाच मिनिटं वाचतील. चपला अंगणात चालतात, प्रार्थनेला बसताना काढतात.

पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये, अशी पाटी बहुतेक देवळांबाहेर असते. घरात नुकताच मृत्यू झालेल्यांनाही मनाई. हे त्यांचं सुतक. मत काहीही असो, दारात वाद घालू नका. 2025 च्या मार्चमध्ये गव्हर्नरांनी काढलेल्या परिपत्रकानुसार देवळाच्या सर्वात आतल्या पवित्र अंगणात पर्यटकांना प्रवेश नाही, पारंपरिक वेशात पूजेला आलेल्याला आहे. "आम्ही हिंदूच" म्हटलं की पुष्कळदा आत घेतातही. पण मग पूजा करावी लागते, फोटो काढत फिरायचं नसतं.

आत मूर्ती नसेल. उंच दगडी सिंहासन असेल, रिकामं, आगुंग पर्वताकडे पाठ टेकलेलं. ते पद्मासन. देव उत्सवाला येतो, तिथे बसतो, परत जातो. दर्शनाची रांग नाही, धक्काबुक्की नाही. जमिनीवर बसायचं, बोटांत फूल धरून हात कपाळाच्या वर जोडायचे, पाचदा, त्यातला पहिला आणि शेवटचा नमस्कार रिकाम्या हातांनी. मग पुजारी तीर्थ शिंपडतो. त्याला तिथेही "तीर्त"च म्हणतात. तीनदा ओंजळीत घेऊन प्यायचं, आणि ओले तांदूळ कपाळाला नि गळ्याला लावायचे, थोडे खायचे. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभं राहू नका, प्रार्थना करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका.

तीर्ता एम्पूलच्या झऱ्याचं देऊळ दहाव्या शतकातलं, 962 सालचं. कुंडात उतरून ओळीनं एकेका धारेखाली डोकं धरतात. काही धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, त्या सोडायच्या. पुढचा स्थानिक माणूस काय करतो तेच करा. सकाळी आठच्या आत पोचा. दहानंतर रांगेत सेल्फीवालेच जास्त.

नाचाचं एक सांगतो. बाली नृत्याचे तीन प्रकार मानतात: देवासाठीचं, विधीच्या सोबतीचं, आणि नुसतं बघण्यासाठीचं. तिकीट काढून बघतो ते तिसरं. उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताला होणारं केचाक, शंभरएक पुरुषांचं "चाक-चाक-चाक" आणि मध्ये रामायण, हेही आजच्या रूपात 1930 च्या दशकातलं आहे. त्यानं त्याची मजा कमी होत नाही. तिथली माकडं चष्मे पळवतात. चष्मा पिशवीत ठेवा आणि हनुमान बघा.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण फसाल. भाजीत मांस नसलं तरी तरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली गोळी, असते. क्रुपुक नावाचा पापड बहुधा कोळंबीचा. म्हणून नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. पाठ करा: "तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तरासी." मांस, मासे, तरासी नको. अंडं नको असेल तर "तान्पा तलुर". तेम्पे म्हणजे सोयाबीनची आंबवलेली वडी, तळलेली उत्तम. गाडो-गाडो आणि तिपात चांतोक, दोन्ही भाज्या-तोफू शेंगदाण्याच्या दाटसर चटणीत. तिपातमध्ये माडाच्या विणलेल्या पात्यात शिजवलेला भात. शेंगदाण्यावर वाढलेल्या माणसाला हे दोन पदार्थ महिनाभर पुरतील.

सकाळच्या बाजारात क्लेपोन घ्या. तांदळाच्या उकडीची गोळी, आत ताडगूळ, बाहेर ओला नारळ. मोदक उलटा केलाय. एका घासात खा, नाहीतर गरम गूळ शर्टावर.

मांसाहारींना बाबी गुलिंग, म्हणजे भाजलेलं डुक्कर, आणि माशाचं सते लिलित. नळाचं पाणी कोणीच पिऊ नये.

फिरायचं कसं

गाड्या डावीकडून चालतात, आपल्यासारख्याच, म्हणून सगळ्यांना स्कूटर घ्यावीशी वाटते. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून काढून घेतला नसेल तर घेऊ नका. पोलिसांपेक्षा विम्याची भीती: परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. जवळच्या अंतराला ग्रॅब, गोजेक या अॅपवरच्या गाड्या आहेत, पण काही गावांत त्यांना प्रवासी उचलू देत नाहीत. दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवणं तिघा-चौघांना स्वस्त पडतं. घरमालकिणीचा भाचा बहुधा हेच करतो.

कुत्र्यांपासून लांब राहा. बालीत 2008 पासून रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावलं, ओरखडलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. समुद्रात लाल झेंडा असेल तर गुडघाभरही नको. सुट्टी विकली जाणारी आराक दारू टाळा, त्यात मिथेनॉल मिसळल्यानं माणसं दगावली आहेत. चार्जर दोन पिनांचा न्या, आपला तीन पिनांचा बसत नाही.

नऊ दिवसांची वाट

पहिले तीन दिवस उबुडजवळ. तीर्ता एम्पूल आणि त्याच नदीवरची गुनुंग कावी: अकराव्या शतकात कड्यात कोरलेली स्मारकं. वेरूळ बघितलेल्याला आकार छोटा वाटेल, पण तिथवर उतरायच्या पायऱ्या भातशेतातून जातात.

चौथ्या दिवशी क्लुंगकुंगमार्गे सिदेमेन. क्लुंगकुंगला कर्त गोसा, जुनी न्यायसभा. छतावर भीम नरकात उतरून पंडू आणि माद्रीला सोडवतोय, आणि आजूबाजूला कुठल्या पापाला काय शिक्षा ते चित्रात. आरोपी वर बघत बसत असणार. सिदेमेनमध्ये दोन रात्री काहीही न करता राहा.

सहाव्या दिवशी तंगानान. हे बाली आगा, म्हणजे जावाच्या मजापाहित साम्राज्याचा अंमल येण्यापूर्वीपासूनची रीत सांभाळणाऱ्यांचं गाव. इथे गरिंगसिंग विणतात. ताणा आणि बाणा, दोन्ही धागे आधी बांधून रंगवायचे आणि विणताना नक्षी जुळवायची. आपल्याकडे पाटणचा पटोला तसा. लाल रंग बारतोंडीच्या मुळापासून, आणि एक वस्त्र पुरं व्हायला वर्षं जातात. किंमत ऐकून घासाघीस सुरू करू नका. परवडत नसेल तर हातात घेऊन बघा, तेवढं ते आनंदानं करू देतात. मुक्काम आमेदला.

सातव्या दिवशी उत्तर किनाऱ्यानं सिंगराजा. तिथे गदोंग किर्त्य हे 1928 साली स्थापन झालेलं ताडपत्रांच्या पोथ्यांचं ग्रंथालय आहे, पर्यटक जवळजवळ नसतात. मग वर मुंडुकला दोन रात्री. थंडी असते, स्वेटर न्या.

नवव्या दिवशी उतरताना जातिलुविह. इथली सुबाक, म्हणजे शेतकऱ्यांच्या पाणीवाटप संस्था आणि त्यांची जलदेवळं, 2012 पासून जागतिक वारशात आहेत. कोणी कधी पेरायचं, पाणी कधी सोडायचं हे देवळाच्या सभेत ठरतं. 1970 च्या दशकात सरकारनं ते मोडून सगळ्यांना जमेल तितकी पिकं घ्यायला लावलं, तेव्हा कीड आणि पाणीटंचाईनं भात गेला. पुढे संशोधकांनी देवळाच्या वेळापत्रकाचं गणित मांडून दाखवलं. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी बघितलीय त्यांना ते पाट बघून पटकन कळेल. बांधावरून चाला, शेतात पाय टाकू नका.

तिथून विमानतळाला नुसते दोन-अडीच तास लागतात, पण पाच धरा. वाटेत कुठल्या तरी गावात मिरवणूक असणारच. पेचालांगनं हात दाखवला की इंजिन बंद, हॉर्न नाही, आणि डोक्यावर फळांचे मनोरे घेतलेल्या बायका समोरून जाऊन संपेपर्यंत थांबायचं.